पोस्टिंग परदेशी, बायको दाबोळीला: फौजी घरांतल्या बायकांच्या पासपोर्टची वाट

ह्यांचा फोन आला तेव्हा मी वास्कोच्या मासळी बाजारात होते, एका हातात सुंगटांची पिशवी आणि दुसऱ्यात सुटे पैसे. दूतावासातल्या डिफेन्स विंगमध्ये पोस्टिंग लागलं होतं. "फॅमिली अलाउड आहे," एवढं सांगून हे पुन्हा ड्यूटीवर गेले. घरी येऊन मी कपाट उघडलं आणि जन्मदाखला काढला. तीन पावसाळे प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये काढल्याने तो आतून चिकटला होता. ओढला तर शाईचा अर्धा शिक्का प्लॅस्टिकवरच राहिला. उरलेल्या अर्ध्या दाखल्यावर माझं आडनाव होतं जी-ए-यू-एन-सी-ए-आर. आधारवर जी-ए-ओ-एन-के-ए-आर. आणि ह्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये सासरचं आडनाव, तेही तिसऱ्याच स्पेलिंगने.

अर्ज केल्यावर पासपोर्ट हातात पडायला मला नऊ दिवस लागले. अर्ज करण्यालायक कागद गोळा व्हायला साडेतीन महिने गेले होते. म्हणून हा लेख फॉर्म कसा भरावा याबद्दल थोडा आणि त्याच्या आधीच्या कामांबद्दल जास्त आहे. दाबोळी, वेरे, बांबोळी, जिथे म्हणून गोव्यात फौजी घरं आहेत तिथल्या नव्या सुनांना हेच सगळं मी जिन्यात उभी राहून सांगत असते.

आधी रंग ठरवा

आपल्याकडे पासपोर्ट तीन रंगांचे. निळा साधा, पांढरा ऑफिशियल, मरून डिप्लोमॅटिक. नवरा सरकारी खर्चाने, सरकारी नेमणुकीवर जात असेल आणि मंजुरीच्या पत्रात कुटुंबाचाही उल्लेख असेल, तर बायकोमुलांनाही बहुधा त्याच्यासारखाच, म्हणजे पांढरा किंवा मरून पासपोर्ट मिळतो. त्याला फी नाही. अर्ज त्याच पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर, पण वेगळ्या विभागातून भरायचा. कागद नवऱ्याच्या हेडक्वार्टरमार्फत दिल्लीला, परराष्ट्र मंत्रालयाच्या पतियाळा हाउसमधल्या विभागाकडे जातात. त्यात तुमचं काम फॉर्म, फोटो आणि सह्यांपुरतं. बाकीचं नवऱ्याचं ऑफिस बघतं, किंवा बघायला हवं.

नेमणूक तशी नसेल, किंवा कुटुंबाचा खर्च सरकार करणार नसेल आणि तुम्ही स्वतःच्या पैशाने मागून जाणार असाल, तर निळा. कोर्सला गेलेल्या नवऱ्याकडे महिनाभर राहून यायचं असेल तरीही बहुतेकदा निळाच.

हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा, कारण इथेच पैसे वाया जातात. आमच्या ब्लॉकमधल्या एकीने बातमी कळल्या कळल्या तत्काळमध्ये निळा काढला, ३५०० रुपये भरून. नंतर कळलं की सगळ्या कुटुंबाला पांढरा मिळणार आहे, आणि पांढरा हातात घेण्याआधी निळा जमा करावा लागतो. साधा पासपोर्ट असेल तर तो सेफ कस्टडीत ठेवून त्याचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं, नसेल तर नाही म्हणून लिहून द्यावं लागतं. तिने घाई केली नसती तर काही बिघडलं नसतं.

आणखी एक रंग आहे, तो म्हणजे कुठलाच नाही. भूतानमध्ये 'हा' नावाच्या गावी आपली सैनिकी प्रशिक्षण तुकडी १९६२ पासून आहे. भारतीय नागरिक तिथे पासपोर्टवर जाऊ शकतात तसेच मतदार ओळखपत्रावरही. नेपाळचंही तसंच. पण आधार चालत नाही, आणि आपल्या बायकांचं मतदार ओळखपत्र हमखास माहेरच्या पत्त्यावर, कुमारी नावाने असतं किंवा नसतंच. आणि संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत तुकडीबरोबर गेलेल्या जवानाकडे कुटुंबाला राहायला जाता येत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

नाव एकच करा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

गोव्यात आडनावांच्या स्पेलिंगची गंमत पोर्तुगीज काळापासूनची. गावकरचा शेवट 'सी'ने, केणीचं 'क्वेनिम', कामतचं 'कामोतिम', प्रभूचं 'पोरोबो'. आजोबांच्या दाखल्यावरून वडिलांच्या, वडिलांच्या दाखल्यावरून आपल्या असं ते उतरत येतं. शाळेत मास्तर आपल्या पद्धतीने लिहितात, आधारवाला त्याच्या पद्धतीने. लग्न सिंधुदुर्गात किंवा कोल्हापुरात झालं की महाराष्ट्राची पद्धत येते: मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं. बऱ्याच घरांत अजून सासरी पहिलं नावही बदलतात. हे सगळं प्रेमाने झालेलं असतं. काउंटरवरच्या माणसाला मात्र ते तीन वेगळ्या बायकांसारखं दिसतं.

एका कागदावर नावं मांडून बघा: जन्मदाखला, दहावीचं सर्टिफिकेट, आधार, पॅन, बँक पासबुक, लग्नाचा दाखला, डिपेंडंट कार्ड (फौजेकडून बायकोमुलांना मिळणारं ओळखपत्र). शेजारी जन्मतारीख. एका अक्षराचाही फरक असेल तिथे लाल पेनाने गोल करा. मग ठरवा की पासपोर्टवर कुठलं नाव हवं, आणि बाकीचे कागद त्या नावाकडे वळवा.

माझं मत विचाराल तर लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा हट्ट धरू नका. कायदा तसं म्हणत नाही, पासपोर्टही म्हणत नाही. माहेरच्या नावाने पासपोर्ट काढून त्यात जोडीदाराचं नाव घालता येतं, आणि डिपेंडंट व्हिसासाठी लागतं ते हेच, की दोघांचं नातं कागदावर दिसावं. जिचे शिक्षणाचे सगळे कागद माहेरच्या नावाने आहेत आणि जिला परदेशात नोकरीची किंवा शिकायची थोडीही आशा आहे, तिने तर नाव बदलण्याआधी दहा वेळा विचार करावा. सासूबाईंना हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा. जन्मदाखला चुकला असेल तर आधी तो, पंचायतीत किंवा पालिकेत जिथे नोंद आहे तिथे. मग आधार. आधारची प्रत आली की पॅन आणि बँक. पहिलं नावच बदललेलं असेल तर वर्तमानपत्रातली जाहिरात, प्रतिज्ञापत्र, राजपत्र अशी लांबची वाट आहे. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि अर्ज सिव्हिल रजिस्ट्रारकडे जातो. "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र एखाद्या अक्षराच्या फरकाला उपयोगी पडतं. आख्खं नाव वेगळं असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. मी ठेवली होती, आणि पहिली अपॉइंटमेंट तिथेच गेली.

जन्मतारखेच्या पुराव्याबद्दल: १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखलाच लागतो. त्याआधी जन्मलेल्या आपल्यासारख्यांना दहावीचं सर्टिफिकेट, पॅन असे इतर पर्यायही आहेत.

लग्नाचा दाखला आणि दुसरी सही

गोव्यात लग्न मंडपात लागलं तरी कायद्याच्या नजरेत ते लागतं सिव्हिल रजिस्ट्रारसमोर. आधी पहिली सही, मग मध्ये नोटीस, मग दुसरी सही. फौजी नवऱ्याच्या बाबतीत गडबड होते ती ह्या मधल्या काळात. तो पंधरा-वीस दिवसांच्या रजेवर येतो, पहिली सही होते, अक्षता पडतात, जेवणावळी होतात, आणि दुसरी सही "पुढच्या रजेत" म्हणून राहते. मग वर्षभराने पोस्टिंग येतं तेव्हा कळतं की दाखलाच नाही. लग्नाची रजा मागतानाच दुसऱ्या सहीचा दिवस त्यात धरा.

पासपोर्टसाठी मात्र लग्नाचा दाखला हाच एक मार्ग नाही. जोडीदाराचं नाव घालायला दाखल्याऐवजी आता ॲनेक्शर जे चालतं: नवरा-बायकोचा एकत्र फोटो लावून दोघांच्या सहीचं निवेदन. पण त्यावर नवऱ्याची सही हवी. तो निघून गेल्यावर हे आठवलं तर कागद कुरियरने समुद्र ओलांडून येण्याची वाट बघत बसावं लागतं.

आणि पासपोर्टचं भागलं तरी दाखला लागणारच आहे, व्हिसाला. बऱ्याच देशांना तो अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात खरा मानला जावा असा सरकारी शिक्का मारलेला हवा असतो. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. आधी राज्याच्या नेमलेल्या खात्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. म्हणून दाखल्याच्या दोन-तीन सही-शिक्क्याच्या प्रती एकदमच काढून घ्या. आणि त्या लॅमिनेट करू नका, लॅमिनेशनवर पुढचा शिक्का बसत नाही.

युनिटकडून काय मागायचं

पहिलं, तुमचं लग्न नवऱ्याच्या रेकॉर्डवर चढलंय का ते. आर्मीत त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात, नेव्हीत जेनफॉर्म, एअरफोर्समध्ये पीओआर. ते झालं नसेल तर डिपेंडंट कार्ड नाही, आणि परदेशी मंजुरीत तुमचं नावही नाही. त्यात तुमच्या नावाचं स्पेलिंग काय गेलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिथे बसलेला क्लार्क हरयाणाचा असेल तर 'ज्ञानदा'चं काय झालंय ते देवालाच ठाऊक.

दुसरं, ॲनेक्शर ए, म्हणजे आयडेंटिटी सर्टिफिकेट. सरकारी कर्मचाऱ्याला, त्याच्या जोडीदाराला आणि अठरा वर्षांखालच्या अवलंबून असलेल्या मुलांना ते मिळू शकतं. लेटरहेडवर, तुमच्या फोटोवर शिक्का मारून, मूळ प्रतीत. हे असलं की निळ्या पासपोर्टला पोलीस व्हेरिफिकेशन लागत नाही. क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बाईला याचा मोठा फायदा, कारण आपले शेजारी दर दोन वर्षांनी बदलतात आणि "ह्यांना किती वर्षं ओळखता?" या पोलिसांच्या प्रश्नाला आपल्या जिन्यात "आठ महिने" यापलीकडे उत्तर नसतं. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि चालू फोन नंबर स्वच्छ वाचता येईल असा हवा, आणि तारीख ताजी. वर्षापूर्वीचं सर्टिफिकेट घेऊन जाऊ नका.

ते मिळत नसेल, किंवा नवऱ्याचं युनिट विशाखापट्टणमला आणि तुम्ही माहेरी सत्तरीत असाल, तर अडून बसू नका. सैनिकाची बायको म्हणून तुमच्यावर कुठली वेगळी सक्ती नाही. साध्या नागरिकासारखा अर्ज करा, पोलीस येतील, पासपोर्ट मिळेल.

फॉर्म, आणि पाटोवरचा दिवस

संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडा, स्वतःच्या मोबाइल नंबरवर. नवऱ्याच्या नंबरवर उघडलं तर ओटीपी मध्य समुद्रात जातो. गोव्याचं पासपोर्ट कार्यालय निवडा. २०१८ पासून देशात कुठल्याही केंद्रात अर्ज करता येतो, पत्ता तिथलाच हवा असं नाही. म्हणजे बांदा-सावंतवाडीच्या माहेरी बाळंतपणाला आलेल्या बाईलाही पणजी गाठता येते. पोलीस मात्र तुम्ही लिहिलेल्या सध्याच्या पत्त्यावर जातात आणि पासपोर्टही तिथेच येतो. तीन महिन्यांत क्वार्टर सोडायचं असेल तर पत्ता विचार करून लिहा.

फॉर्ममध्ये चार जागी थांबा. गिव्हन नेमच्या रकान्यात पहिलं आणि मधलं नाव दोन्ही येतं, सरनेममध्ये फक्त आडनाव. दुसऱ्या नावाने कधी ओळखलं जात होतं का, नाव कधी बदललं का, या प्रश्नांना माहेरचं नाव लपवू नका. जोडीदार सरकारी नोकर आहे का, याला हो. आणि नॉन-ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाताना सरकारी तपासणी (ईसीआर) लागत नाही असा वर्ग: दहावी पास असाल तर हो लिहून सर्टिफिकेट जोडा, नाहीतर पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का पडतो.

फी ३६ पानांच्या पासपोर्टला १५०० रुपये, ६० पानांच्या २०००. तत्काळचे वर आणखी २०००. अठराच्या आतल्या मुलांना १०००. ॲनेक्शर ए हातात असेल तर तत्काळची गरज क्वचित पडते. अपॉइंटमेंट वर्षभरात तीनदा पुढे ढकलता येते, पण पैसे भरण्याआधी कागद तयार ठेवलेत तर ती वेळ येणार नाही.

केंद्र पणजीत पाटोवर आहे, कदंबच्या बसस्टँडवरून चालत. वास्कोहून शटल पकडा. स्कूटरने जाऊ नका, पावसात तर नाहीच. मी गेले होते. कुठ्ठाळीला सर आली आणि पुढचा सगळा रस्ता मी रेनकोट स्वतः न घालता फाइलला घालून गेले. फोटो तिथेच काढतात. ओल्या केसांचा तो फोटो आता दहा वर्षं माझ्याबरोबर आहे.

आत टोकन मिळतं आणि तीन काउंटर. ए काउंटरवर कागद स्कॅन, फोटो, बोटांचे ठसे. इथेच स्क्रीनवर नाव वाचून घ्या, एक एक अक्षर. बी काउंटरवर सरकारी अधिकारी मूळ कागद तपासतात. सी काउंटरवर मंजुरी. बीवर काही विचारलं तर जेवढं विचारलं तेवढंच उत्तर द्या. माझ्या पुढची बाई नवऱ्याच्या जहाजाची सगळी कथा सांगत बसली, शेवटी अधिकाऱ्यांनीच हात जोडले. गोवा ई-पासपोर्टच्या पहिल्या केंद्रांपैकी, त्यामुळे आता कव्हरवर चिपचं छोटं सोनेरी चिन्ह असलेला पासपोर्ट येतो. त्याला वेगळं काही करावं लागत नाही.

स्पीड पोस्टने येतो आणि अर्जदाराच्याच हातात देतात. गेटवर गार्डरूममध्ये पोस्टमनचं काय होतं ते आधी विचारून ठेवा.

मुलांचं

मुलांच्या अर्जाला आईवडील दोघांच्या सहीचं ॲनेक्शर डी लागतं. बाप आधीच परदेशी गेला असेल तर त्याला तिथल्या भारतीय दूतावासात जाऊन प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून पाठवावं लागतं. दूतावासातच पोस्टिंग असलेल्या आमच्या ह्यांनाही त्याला दोन आठवडे लागले, यावरून बाकीच्यांचं काय ते समजा. तेव्हा तो घरी असतानाच, बॅग भरायच्या आधी, जेवणाच्या टेबलावर सगळ्या मुलांच्या सगळ्या कागदांवर सह्या घ्या. आईवडिलांच्या पासपोर्टवर एकमेकांची नावं असतील तर मुलांना पोलीस व्हेरिफिकेशन लागत नाही, म्हणून आधी तुमचा पासपोर्ट, मग मुलांचा. चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरून न्यावा लागतो. मुलांच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांची, आणि अठरा आधी आलं तर तिथपर्यंतच.

लिस्बनची नोंद

हे गोव्याबाहेर कुणाला सांगावं लागत नाही, इथे लागतं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या वारसांना पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तिथलं नागरिकत्व घेता येतं, आणि हे फक्त ख्रिस्ती घरांत चालतं असं समजू नका. एखाद्या काकाने "राहू दे नोंदवून" म्हणत भावंडांबरोबर तुमचीही नोंद केलेली असू शकते. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने भारतीय नागरिकत्व जातं, मग भारतीय पासपोर्ट वापरणं हा गुन्हा ठरतो. सैनिकाच्या घरात याची झळ नवऱ्याच्या नोकरीपर्यंत पोचू शकते. माहेरी सरळ विचारा. काही निघालं तर अर्ज करण्याआधी वकील गाठा आणि नवऱ्याला त्याच्या ऑफिसात सांगू द्या. फॉर्मवर खोटं लिहू नका.

पासपोर्ट आल्यानंतर

पांढऱ्या पासपोर्टवर व्हिसासाठी परराष्ट्र मंत्रालयाची नोट लागते आणि ते काम हेडक्वार्टरकडून होतं. काही देशांना ऑफिशियल पासपोर्टवर व्हिसाच लागत नाही. निळ्यावर तुम्ही स्वतः उभ्या. ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर क्षयरोगाच्या तपासणीचं सर्टिफिकेट हवं, तेही त्यांनी ठरवलेल्या दवाखान्यातलंच. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांना पिवळ्या तापाची लस. ती मुरगाव बंदरातल्या पोर्ट हेल्थ ऑफिसकडे मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. जुना पासपोर्ट असेल तर मुदत सहा महिने तरी उरलेली आहे ना ते बघा.

पांढरा पासपोर्ट नेमणुकीपुरता. त्यावर मैत्रिणींबरोबर बँकॉकला जाता येत नाही. परत आल्यावर तो जमा करायचा आणि सेफ कस्टडीतला निळा सोडवून आणायचा. त्यासाठी जाताना मिळालेलं सर्टिफिकेट लागतं. ते नवऱ्याच्या फाइलमध्ये देऊ नका, त्याची फाइल पुढच्या पोस्टिंगला त्याच्याआधी जाते. तुमच्या कपाटात ठेवा, कोरड्या कागदी पाकिटात, प्लॅस्टिकमध्ये नको.